सेन्सर लावल्यावर हायपो 'कमी झाले' म्हणजे नक्की काय कमी झालं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, टाइप २ मधुमेह, दोन वेळा मिक्स इन्सुलिन आणि वर सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी. डॉक्टर म्हणतात दंडाला साखर सतत मोजणारा सेन्सर लावून बघू, हायपो (साखर फार खाली जाणं) कमी होतील. एका सेन्सरचे चार-पाच हजार आणि तो टिकणार दोन आठवडे, त्यामुळे आधी जरा वाचून घेऊ म्हटलं तर डोक्याचं पार दही झालं.

जिथे बघावं तिथे 'हायपोत ३८ टक्के घट'. हा आकडा इम्पॅक्ट नावाच्या ट्रायलचा. लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०१६, टाइप १ चे २३९ जण, युरोपातली २३ सेंटर्स, सहा महिने. सेन्सरवाल्यांचा साखर ७० (मिलिग्रॅम) च्या खाली असण्याचा वेळ दिवसाला ३.३८ तासांवरून २.०३ तासांवर आला आणि बोटं टोचणाऱ्यांचा ३.४४ वरून ३.२७. बरं, ते टाइप १. बाबांसारख्या टाइप २ इन्सुलिनवाल्यांवरची रिप्लेस ट्रायल, २२४ जण, तिथे खालचा वेळ ४३ टक्के कमी पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) दोन्ही गटांत सारखंच. मग डायमंड, जामा (हेही वैद्यकीय नियतकालिक) २०१७, पुन्हा टाइप १, १५८ जण, तिथे ७० च्या खालचा वेळ सेन्सरवाल्यांचा दिवसाला ४३ मिनिटं आणि बाकीच्यांचा ८० मिनिटं. छान. पण गंभीर हायपो, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी धावत येऊन साखर भरवावी लागली असे किती? सेन्सर गटात २. बिनसेन्सर गटात? तिथेही २!

माझं सरळ मत असं की कंपन्यांनी मोजायला सोपं ते मोजलंय. ६८ ला दहा मिनिटं कमी राहिला काय नि जास्त राहिला काय, आम्हा घरच्यांना भीती असते ती पहाटे हाक मारल्यावर माणूस ओ देत नाही त्याची. ती कमी होते का? कुणी वापरणारे, कुणी जाणकार?

बंड्या_बिनसाखरेचा
पॉपकॉर्न (बिनलोण्याचे) घेऊन बसलोय.

मोगरी
माझ्या सासऱ्यांना लावलाय. हायपोचं माहीत नाही पण जिलबी किती खाल्ली ते आता लपत नाही. घरात रोज पंचनामा.

आकडेमोड
घाटमाथा, प्रश्न एकदम बरोबर पण निष्कर्ष घाईचा. ट्रायलचा डेटा तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

गंभीर हायपो ही मुळात विरळा घटना. १५८ लोक, २४ आठवडे, आणि दोन्ही बाजूला दोन-दोन. यावरून 'फरक नाही' असं म्हणताच येत नाही, 'या ट्रायलला ते सांगता येण्यासारखं नव्हतं' एवढंच म्हणता येतं. घाटात नवा कठडा बांधला आणि सहा महिन्यांत किती गाड्या दरीत गेल्या एवढंच मोजलंत, तर आधीही दोन नंतरही दोन येऊ शकतात, म्हणून कुणी कठडा काढून टाकत नाही. तेवढ्यासाठी हजारो लोक काही वर्षं बघावे लागतील आणि तेवढ्या काळात सेन्सरचं मॉडेलच बंद होईल.

दुसरं म्हणजे ट्रायलमध्ये घेतले कोण? इम्पॅक्टमधल्या लोकांचं एचबीएवनसी मुळात ७.५ किंवा त्याखाली होतं. म्हणजे साखर घट्ट धरून ठेवणारे, त्यामुळेच दिवसाचे साडेतीन तास ७० च्या खाली. आणि पुष्कळ ट्रायलमध्ये ज्याला नुकताच मोठा झटका आलाय किंवा हायपो कळतच नाही अशाला घेतच नाहीत. ज्याला धोका जास्त त्याला बाहेर ठेवायचं आणि मग गंभीर हायपो फारसे दिसले नाहीत म्हणायचं!

धोक्यातलेच लोक निवडून केलेल्या ट्रायल बघा. जर्मनीतली हायपोडीई, लॅन्सेट २०१८, १४९ जण, सगळे पेनने इन्सुलिन घेणारे आणि हायपो न कळणारे किंवा आधी गंभीर झालेले. ५४ च्या खाली किमान वीस मिनिटं याला एक घटना धरलं, तर सेन्सरवाल्यांच्या २८ दिवसांत १०.८ वरून ३.५ झाल्या, बाकीच्यांच्या १४.४ वरून १३.७. नेदरलँड्समधल्या इन कंट्रोल ट्रायलमध्ये ५२ च लोक होते पण आलटून पालटून दोन्ही वापरले, तिथे गंभीर हायपो सेन्सर असताना १४ आणि नसताना ३४. म्हणजे शोधायला गेलं की सापडतं, फक्त योग्य माणसांत शोधावं लागतं.

घाटमाथा
@आकडेमोड हे आवडलं. पण मग ३८ टक्क्यांची जाहिरात वाचणाऱ्याला हे कोण सांगतं? इम्पॅक्टला पैसा ॲबटचा, डायमंडला डेक्सकॉमचा, दोन्ही सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या.

आकडेमोड
कोणीच सांगत नाही, म्हणून तर धागे निघतात. कंपनीचा पैसा हे खरंय, पण त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, प्रश्न कुठला विचारायचा ते मात्र कंपनी ठरवते. शिवाय सेन्सर लावलाय की नाही हे पेशंटपासून लपवता येत नाही, त्यामुळे 'मला कुणीतरी मदत केली' हे सांगण्यातही थोडी भेसळ येते. एक गोष्ट मात्र त्यांनी चांगली केली होती, बोटं टोचणाऱ्या गटालाही अधूनमधून झाकलेला सेन्सर लावला होता, आकडे पेशंटला दिसत नाहीत पण नोंद होते. नाहीतर रात्री तीन वाजता झोपलेला माणूस बोट टोचून हायपो कसा नोंदवणार?

इन्सुलिन_ताई
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लहानपणापासून टाइप १, आता चाळिशी पार.

घाटमाथा दादा, '६८ ला दहा मिनिटं काय' हे वाक्य मला खटकलं म्हणून लॉगिन केलं. दहा मिनिटं काही नाही हे मान्य, पण रोज रोज ६० ला जाऊन येणारं शरीर हळूहळू ओरडायचंच थांबतं. पूर्वी मला घाम यायचा, हात थरथरायचे, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागायची. आता यातलं काही येत नाही, फक्त ओठांभोवती मुंग्या येतात आणि तेही कधीकधी. ऑफिसात एकदा ५४ असताना मी एकच स्लाइड पुन्हा पुन्हा समजावत होते म्हणे, समोरच्यांना वाटलं मी मुद्दाम ठासून सांगतेय. मला स्वतःला काहीही वेगळं वाटत नव्हतं. बाजूच्या मुलीला माहीत होतं, तिने माझ्या पर्समधून ज्यूसचा डबा काढून स्ट्रॉ टोचून हातात दिला. ही घटना ट्रायलमध्ये 'गंभीर' धरली गेली असती कारण मदत लागली. पण त्याच्या आधीच्या महिन्यांतली ती ६० ची मिनिटं नसती तर ही घटना झालीच नसती. म्हणून मिनिटं मोजणं फालतू नाही.

आणि उलटही होतं. काही आठवडे कटाक्षाने ७० च्या खाली जायचं टाळलं की खुणा थोड्या थोड्या परत येतात, हे मी स्वतः अनुभवलंय आणि ट्रायलमध्येही दिसलंय. यूकेची हायपोकॉम्पास, २०१४. हायपो न कळणारे ९६ जण, कुणाला पंप कुणाला पेन, कुणाला सेन्सर कुणाला साधं मशीन, पण शिक्षण आणि पाठपुरावा सगळ्यांना सारखा. २४ आठवड्यांत गंभीर हायपो माणशी वर्षाला ८.९ वरून ०.८ वर आले. आणि गंमत म्हणजे सेन्सरवाल्यांत आणि बिनसेन्सरवाल्यांत फरकच नाही!

घाटमाथा
अहो ताई मग हे माझ्याच बाजूचं झालं की! सेन्सर न लावताही काम झालं.

इन्सुलिन_ताई
झालं, पण दर आठवड्याला फोन करून डोस बदलून देणारी टीम मागे असेल तर. आपल्याकडे तीन महिन्यांनी नंबर लागतो आणि आत गेल्यावर पाच मिनिटं. शिवाय तेव्हाचे सेन्सर जुने होते आणि लोक ते धड लावूनही ठेवत नव्हते.

तात्या_नीरेकर
आमच्या वेळी सेन्सर नव्हते. खिशात लिमलेटच्या गोळ्या आणि घरी बायको. बायकोचा अलार्म हायपो नसतानाही वाजायचा.

मोगरी
तात्या =)) =))

सोनचाफा_पुणे
इन्सुलिन_ताई, दंडवत. मला एक विचारायचंय, आमच्याकडे रात्री दोन-तीनच्या सुमारास सेन्सर ५० दाखवतो आणि नवऱ्याला उठवून साखर दिली की सकाळी अडीचशे. हे नक्की काय?

इन्सुलिन_ताई
ज्या दंडाला सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपतात का? दंड दाबला गेला की तिथला पुरवठा मंदावतो आणि सेन्सर खोटं खोटं खाली दाखवतो. मला असंच ५२ दाखवलं होतं आणि बोट टोचलं तर ११२. कूस बदलली की थोड्या वेळात आकडा आपोआप वर येतो. ग्राफवर एकदम कडा तुटल्यासारखी खोल घळ आणि तशीच सरळ वर आलेली रेघ दिसली तर संशय घ्या, खरा हायपो सहसा उतरत उतरत जातो. मात्र झोपेत गडबड असेल, घाम असेल, बोलणं तोतरं असेल तर मशीन शोधत बसू नका, आधी साखर.

सोनचाफा_पुणे
अगं बाई! उजव्याच कुशीवर झोपतात, सेन्सर पण उजवीकडे. आजच बघते.

बंड्या_बिनसाखरेचा
एक मिनिट. मग ट्रायलमधल्या त्या मिनिटांत ही झोपेतली खोटी मिनिटंही धरलीत का? @आकडेमोड सर उत्तर द्या, पॉपकॉर्न संपत आलेत.

आकडेमोड
धरली आहेत. पण दोन्ही गटांत सारखेच लोक कुशीवर झोपतात, त्यामुळे दोन गटांतल्या फरकावर फार परिणाम होत नाही. 'दिवसाला अमुक तास' या मूळ आकड्याकडे मात्र थोडं जपून बघावं. २०१९ मध्ये मधुमेह नसलेल्या धडधाकट लोकांना सेन्सर लावून बघितलं होतं, त्यांच्याही नोंदीत ७० च्या खाली दिवसाला साधारण १५ मिनिटं निघाली, म्हणजे एक टक्का. कुणाला शून्य हवं असेल तर ते निरोग्यालाही मिळत नाही.

म्हणूनच २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत उद्दिष्ट शून्य ठेवलेलं नाही. ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे दिवसाचा तासाभराच्या आत, आणि ५४ च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी. पण वयस्कर किंवा जास्त धोक्यातले असतील तर ७० च्या खालीच १ टक्का, पाव तास. त्याबदल्यात त्यांना वर थोडी सूट, ७० ते १८० मध्ये अर्धा दिवस राहिले तरी चालेल. घाटमाथा, तुमच्या बाबांना हा दुसरा नियम लागू.

आता ७० ते ५४ ही पहिली पायरी, ५४ च्या खाली दुसरी, आणि आकडा कितीही असो पण दुसऱ्याची मदत लागली तर तिसरी. २०१७ पासून ५४ च्या खालचं वेगळं सांगा असा आग्रह धरला गेला. त्याआधीच्या ट्रायल वाचल्या तर कुणी ७० घेतलंय, कुणी ६०, कुणी ५५, कुणी दहा मिनिटं कुणी वीस. त्यामुळे एका ट्रायलचे ३८ टक्के आणि दुसरीचे ४३ टक्के शेजारी ठेवून कुठलं मशीन भारी हे ठरवणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

फ्रँकफुर्टची_मावशी
हायपोडीईचं नाव वाचून राहवलं नाही. इथे २०१६ पासून इन्सुलिनवाल्यांना अलार्मवाला सेन्सर सरकारी आरोग्य विम्यातून मिळतो, माझ्या यजमानांना तसाच मिळाला. अर्थात अर्ज, डॉक्टरांची कारणमीमांसा, साखरेची वही, सगळं जर्मन पद्धतीने साग्रसंगीत.

मला मुद्दा अलार्मचा मांडायचाय. वर सगळे 'सेन्सर' असा एकच शब्द वापरतायत. इम्पॅक्टमधल्या पहिल्या लिब्रेला (ॲबटचा सेन्सर) अलार्मच नव्हता, फोन किंवा रीडर टेकवला तर आकडा दिसणार. झोपलेला माणूस टेकवणार कसा? हायपोडीईत वापरलेला स्वतःहून ओरडणारा. बेल्जियममध्ये तर दोन्ही प्रकारांची थेट तुलनाच केली, २५४ जण टाइप १, लॅन्सेट २०२१. सगळे आधीपासून बिनअलार्मचा वापरणारे, अर्ध्यांना अलार्मवाला दिला. सहा महिन्यांत गंभीर हायपो अलार्मवाल्यांत ३ जणांना आणि बिनअलार्मवाल्यांत १३ जणांना. म्हणजे घाटमाथांना जे हवंय, पहाटे ओ न देणं, त्यावर औषध असेल तर ते आकडा दिसण्यापेक्षा आवाज होणं हे असावं.

अवांतर: इथे फ्रँकफुर्टला साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पूर्वेकडे लाइपझिगला मिलिमोलमध्ये. भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी साखरेची फाळणी चालूच. मिलिमोलला १८ ने गुणा म्हणजे झालं.

बंड्या_बिनसाखरेचा
साखरेची फाळणी =)) मावशी, याच्यावर वेगळा धागा काढा.

स्टेथोस्कोप
मी एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. चर्चा उत्तम चालली आहे पण जवळजवळ सगळ्या ट्रायल टाइप १ च्या आणि पेशंट टाइप २ चा, त्यामुळे एक प्रश्न. घाटमाथा, बाबांचं एचबीएवनसी किती आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती?

घाटमाथा
६.३ आहे, बाबा सोसायटीत सगळ्यांना अभिमानाने सांगतात. क्रिएटिनिन १.६.

स्टेथोस्कोप
वाटलंच. पेशंट मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून वाचा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

७१ वर्षं, मिक्स इन्सुलिन, त्यावर ग्लिमेपिराइड, किडनी थोडी दमलेली आणि एचबीएवनसी ६.३. या वयात असा आकडा मला अभिमानाचा वाटत नाही, मला त्याची धास्ती वाटते. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या किडनी मंदावली की अंगात जास्त वेळ रेंगाळतात, आणि तो हायपो साखर दिल्यावर वर येऊन दोन-चार तासांनी पुन्हा खाली जातो. अशा पेशंटला मी घरी सोडत नाही, रात्रभर ठेवून घेतो.

साखर घट्ट आवळण्याची किंमत काय हे सेन्सर यायच्या कितीतरी आधी मोजलं गेलंय. अमेरिकेतली डीसीसीटी, १९९३, टाइप १ चे १४४१ जण. एचबीएवनसी ९ च्या आसपास होतं ते ७ च्या आसपास आणलं, डोळ्यांचे विकार नव्याने होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं, हे क्रांतिकारकच. पण गंभीर हायपो दर १०० रुग्णवर्षांमागे (१०० जण वर्षभर) साध्या उपचारांच्या गटात १९ तर या गटात ६२. आणि त्यातले निम्म्याहून जास्त झोपेत. टाइप २ मध्ये ॲकॉर्ड, १०,२५१ जण, एचबीएवनसी ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न. २००८ मध्ये तो गट मध्येच थांबवावा लागला कारण त्या बाजूला मृत्यू जास्त होत होते. गंभीर हायपो वर्षाला ३.१ टक्के विरुद्ध १ टक्का. मृत्यू हायपोमुळेच झाले असं सिद्ध झालेलं नाही, पण तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाचं एचबीएवनसी साडेसहाच्या खाली दिसलं की मी आधी गोळ्यांची चिठ्ठी मागतो.

म्हणून माझा क्रम असा असतो, आधी औषधं बघा मग सेन्सर. सेन्सर आवर्जून लावा पण कुठल्या वेळी खाली जातायत ते शोधायला. डॉक्टरांकडे झाकलेला प्रकारही मिळतो, दोन आठवडे लावायचा आणि काढून ग्राफ बघायचा, पेशंट दर दहा मिनिटांनी आकडा बघून घाबरत नाही.

घाटमाथा
डॉक्टर, मनापासून आभार. ग्लिमेपिराइडचं कुणी बोललंच नव्हतं. ती गोळी गेली बारा-पंधरा वर्षं चालूच आहे, प्रत्येक नवीन डॉक्टरने 'चालू ठेवा' म्हणून पुढे ढकलली.

आकडेमोड
+१. स्टेथोस्कोप म्हणतात त्यात वयस्करांवरच्या ट्रायलची भर. विझडम, जामा २०२०, साठीपुढचे २०३ जण, टाइप १. ७० च्या खालचा वेळ सेन्सरवाल्यांचा ५.१ टक्क्यांवरून २.७ वर, बाकीच्यांचा ४.७ वरून ४.९. गंभीर हायपो १ विरुद्ध १०. हे वाचून उड्या मारू नका, कारण त्याच ओळीत पुढे लिहिलंय की हाडं मोडण्याच्या घटना सेन्सरवाल्यांत ५ आणि बाकीच्यांत १. आता सेन्सरने हाडं मोडतात असं कुणी म्हणेल का? नाही ना? मग लहान आकड्यांतला आपल्याला आवडणारा निकाल उचलायचा आणि नावडता 'योगायोग' म्हणून सोडायचा असं चालत नाही. माझा विश्वास १ विरुद्ध १० वर बसतो तो मिनिटांचा आकडाही त्याच दिशेला गेलाय म्हणून, आणि नेदरलँड्स, बेल्जियममध्येही तसंच दिसलं म्हणून.

चतुर_चकली
हाडं मोडण्याचं वाचून चहा सांडला. संपादक, हा प्रतिसाद वर पिन करा.

तात्या_नीरेकर
गंमत पुरे, आता एक खरं विचारतो. संकष्टीला चंद्रोदय नऊ-साडेनऊला. दिवसभर उपास, इन्सुलिन किती घ्यायचं? आमची ही म्हणते देव काही होऊ देणार नाही.

स्टेथोस्कोप
तात्या, देवाने डॉक्टरला विचारू नको असंही सांगितलेलं नाही. नेहमीचा पूर्ण डोस घेऊन दिवसभर पोट रिकामं ठेवणं सगळ्यात वाईट. उपासाचा हिशेब आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रमजानचा अभ्यास १३ देशांत झालाय, एपिडायर, १२,२४३ जण. दवाखान्यात न्यावं लागेल असे हायपो टाइप १ मध्ये एरवीच्या ४.७ पट आणि टाइप २ मध्ये साडेसात पट झाले होते. संकष्टी महिन्यातून एकदा आणि त्यात साबुदाणा चालतो, त्यामुळे तेवढंच होईल असं नाही, पण शरीराला रमजान आणि चतुर्थीत फरक कळत नाही. उलट अनेकांची साबुदाणा खिचडी, वरी आणि रताळ्याने तीनशेच्या वर जाते आणि मग ते जास्तीचं इन्सुलिन टोचून रात्री घसरतात.

तात्या_नीरेकर
बरं. हिला वाचून दाखवतो. 'देवाने विचारू नको असं सांगितलं नाही' हे मात्र माझ्या नावावर खपवणार.

मोगरी
हायपो झाला तर पेढा देतात आमच्याकडे. बरोबर ना? देवघरात असतोच.

इन्सुलिन_ताई
नको गं. पेढ्यात, चॉकलेटमध्ये स्निग्धता असते, साखर पोहोचायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. वर आल्यावर मग पेढा खाऊ दे, कोण नको म्हणतंय! बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना.

स्टेथोस्कोप
त्यात एक जोड. व्होग्लिबोज किंवा अकारबोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं पाचकच त्या गोळीने अडवलेलं असतं. अशा घरात साधी ग्लुकोज पावडर ठेवा. आपल्याकडे व्होग्लिबोज भरपूर लिहिली जाते आणि हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

सोनचाफा_पुणे
बापरे, आमच्या सासूबाईंना चालू आहे ती. आणलीच पावडर.

घाटमाथा
अपडेट. डॉक्टरांना भेटलो, क्रिएटिनिनचा विषय काढल्यावर त्यांनी स्वतःच ग्लिमेपिराइड बंद केली आणि संध्याकाळचं इन्सुलिन थोडं उतरवलं. दोन आठवडे झाकलेला सेन्सर लावला होता, आज ग्राफ मिळाला. गंमत बघा, मला पहाटेची भीती होती पण खाली जाणं बहुतेक वेळा दुपारी चार ते सहामध्ये, बाबा चालायला जातात तेव्हा. पहाटेच्या दोनच घळी आणि एक तर सरळसरळ कुशीवाली दिसतेय.

आता गोळी गेल्यामुळे सुधारलं की लक्ष ठेवल्यामुळे, ते आकडेमोड म्हणतील तसं एका माणसावरून सांगता येणार नाही. पण माझं मूळ म्हणणं मी सोडलेलं नाही. कंपनीने ३८ टक्के मोठ्या अक्षरात लिहावेत, खुशाल लिहावेत, पण त्याच्याच खाली तेवढ्याच अक्षरात लिहावं की गंभीर हायपो इकडे किती, तिकडे किती, आणि ज्यांना हायपो कळत नाही असे लोक घेतले होते की नाही.

आकडेमोड
याला शंभर टक्के अनुमोदन. फक्त त्यात अलार्म होता की नव्हता तेही घाला.

चतुर_चकली
उशिरा आलेय, सगळं वाचून काढलं. आईला आता अलार्मवाला घेतोय. तो किती आकड्याला लावायचा? ७० ला?

इन्सुलिन_ताई
एकटी राहत असेल तर मी ८० ला लावेन. सेन्सर रक्ताच्या थोडा मागे चालतो, साखर वेगाने पडत असेल तर त्याने ७० म्हणेपर्यंत रक्तात साठ झालेले असू शकतात. पहिल्या दिवशी आकडे जरा इकडेतिकडे असतात, तेव्हा शंका आली की बोट टोचून बघा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, काही सेन्सर त्याने खोटं वर दाखवतात आणि मग खरा हायपो झाकला जातो. आणि फोन. रात्री 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप चालू होतं, त्यातून ते ॲप वगळायचं आणि ॲपला मीडियाचा नाही तर अलार्मचा आवाज द्यायचा, नाहीतर फोन उशाशी राहूनही गप्प बसतो. तुझ्या फोनवरही तिचे आकडे येतील असं शेअरिंग चालू करून ठेव.